उघाडी

पंचायतीची किल्ली माझ्याकडे असते, बावीस वर्षं.
प्रशासक मंगळवारी येतात.
घाट उतरताना जीपचा आवाज आला की मी कुलूप काढतो.
चहा ते अर्धा ठेवतात, सह्या पुऱ्या करतात,
ओहोटीच्या आत निघून जातात.

त्याआधी इथे सात माणसं बसायची. भांडायची.
गटाराच्या उतारावरून, स्मशानाच्या पत्र्यावरून.
एकदा तर नथुराम जाक्कर ठरावाची वही
खाडीत फेकायला निघाला होता, मीच आडवा झालो.
मग सरकारी जेटीला ती सात माणसं नाही म्हणाली,
चार विरुद्ध तीन.
पंधरवड्यात कागद आला: बरखास्त.
कारण, दिवाबत्तीच्या हिशेबात
एकोणतीसशे रुपयांची तफावत.

निवडणूक सहा महिन्यांत, असं खाली होतं.
पण पावसाळा होता. मग याद्या होत्या.
मग परीक्षा, मग शिमगा,
मग पुन्हा पावसाळा.

अर्जदार क्रमांक एक, माजी सरपंच.
दोन, होडेकर बाई, उर्दू शाळेतून निवृत्त.
तीन, चंद्रभागा रघुवीर पावसे,
वय एकसष्ट, व्यवसाय सुकी मासळी.
वकीलबाई म्हणाल्या, नाव पुरे, यायची गरज नाही.
ती गेली. रातराणीने, पाचही तारखांना.
हायकोर्टाच्या गेटवर पोलिसाने पिशवी हुंगली,
सोडे बाहेर ठेवायला लावले.
परत आली तेव्हा पुडी तशीच होती. हे तिने सगळ्यांत आधी सांगितलं.

मग सांगितलं,
सरकारी वकील म्हणाला, जेटी लोकांच्या भल्याची आहे.
खुर्चीवरची बाई चष्मा पुसत होती. म्हणाली,
असेल. आम्हाला बंदरातलं कळत नाही.
आम्ही ते बांधत नाही, मोडतही नाही.
पण कोणाला विचारायचं ते घटनेत लिहिलंय ना?
मग सहा महिन्यांचे एकतीस महिने झाले कसे?
वकिलाने फाइल उलटली,
वाळत घातलेला बांगडा मी उलटते ना, तशी,
खालची बाजू ओलीच निघाली.

म्हणजे कोर्ट आपल्या बाजूचं, मी म्हटलं.
नाय रे, ती म्हणाली.
खारीच्या बांधातली उघाडी बघितलीस ना?
भरती चढली की पाण्याच्याच दाबाने झडप मिटते,
ओहोटीला शेतातलं पाणी सोडते.
पाऊस तिचा नाय, दर्या तिचा नाय,
भातही तिचं नाय.
कोणाची खाचरं, ते ती विचारत नाय.

पण कुजते ना ती, मी म्हटलं.
लाकूडच आहे. कुर्ल्या बिळं करतात.
तुझ्या सासऱ्याच्या वेळी अमावास्येला अडकली,
तीन वर्षं खारीत नुसतं मीठ पिकलं.
त्यावर ती बराच वेळ बोलली नाही.
टोपली झाकली. कावळा हाकलला.
मग म्हणाली, म्हणून तर उधाणाच्या रात्री
घरटी एक माणूस कंदील घेऊन जायचा बांधावर.
आता कोण जातो?

निवडणूक झाली.
चंद्रभागा अकरा मतांनी पडली.
त्या सकाळी मी कुलूप काढलं, आणि मंगळवार नव्हता.

पहिल्या ग्रामसभेत जेटी पुन्हा आली.
हात वर झाले. मी मोजले, ग्रामसेवकांनी मोजले,
होडेकर बाईंनी खडूने भिंतीवर रेघा ओढून मोजले.
जेटीच्या बाजूने जास्त होते.
मागच्या बाकावरून चंद्रभागा उठली,
पदराला खारवलेला वास, आवाज बसलेला.
माझी हरकत लिहून घ्या, म्हणाली.
कोणी हसलं. नथुराम जाक्कर हसला नाही.
नव्या सरपंचाने ग्रामसेवकांकडे पाहिलं,
ग्रामसेवकांनी पेन झटकलं
आणि लिहिली, अख्खी, तिच्याच शब्दांत.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी दिवे मोजून बंद केले.
शाई अजून ओली होती.
वही तेवढी उघडी ठेवली.