नावाची पट्टी

बाहेर उणे एकतीस. व्हिडिओच्या खोलीत तिघं बसलेत:
कोच डेग्नो, मॅनेजर प्रोकोप,
आणि बटाट्याच्या गोदामांचा मालक, ज्याचे पैसे संघात आहेत.
दार अर्धवट उघडं. मी ऐकतोय हे त्यांना माहीत आहे.
मी स्केटची पाती घासतो; मला कोणी मोजत नाही.

सव्वीस सामने, एक गोल,
तोही नडगीच्या पॅडला आपटून आत गेलेला.
ओरेस्ट हाविर्लुक, वय सतरा, डावा फॉरवर्ड.
सप्टेंबरात याच लोकांनी त्याचा फोटो
को-ऑपच्या दुकानात दुधाच्या फ्रिजवर चिकटवला होता.

डेग्नो म्हणतो, ठेवू या. पोराचे हात बघा.
प्रोकोप म्हणतो, हातांचं काय लोणचं घालू?
दहा जानेवारीला अदलाबदलीची मुदत संपते.
मेडो रिव्हरवाले त्याच्या बदल्यात
वीस वर्षांचा डिफेन्समन द्यायला तयार आहेत.
आडदांड, दाढीवाला, आजच्या आज कामाचा.
गोदामवाला पेनाचं टोपण काढतो, लावतो, काढतो.

दोघांचंही खरं आहे. तीच तर पंचाईत.

पण पाती जे सांगतात ते त्यांच्या तक्त्यात नसतं.
ऑक्टोबरात तो म्हणाला, वॉल्ट, धार जरा वाढव.
नोव्हेंबरात, अजून जरा.
आता एवढी आहे की नखावरून ओढली
तर पांढरा भुसा निघतो.
गोल होईनात, तसतसा तो धार मागत गेला,
जसं बिघडलेल्या रश्श्यात कोणी मीठच घालत बसावं.
आणि फार धारेचं पातं बर्फात रुततं,
वळायच्या ऐन जागी पाय धरून ठेवतं.
वर बसलेले म्हणतात, पोरगं घाबरलं.

परवा त्याचे बूट सुकत घातले.
आत अंगठ्यापाशी अस्तर फाटलेलं,
रक्त वाळून तपकिरी.
उन्हाळ्यात वाढला असणार,
उंची चार बोटं आणि पाऊल दीड माप.
बोलला नाही कुणाला.
बूट संघ देतो, पैशाचा प्रश्न नव्हता.
प्रश्न चाळीस गोलांचा होता,
गेल्या वर्षी याच बुटांत केलेल्या.

कुणाला काढलं की खुंटीवरची नावाची पट्टी
काढायचं काम माझं.
हेअर ड्रायरने गोंद तापवायचा, कोपरा नखाने उचलायचा,
घाई केली तर खालचा रंग निघतो.
माझी पट्टी म्हाताऱ्या स्टेनने काढली होती, ड्रायरशिवाय.
माझ्या आडनावाची शेपटी
दोन हिवाळे तशीच राहिली होती भिंतीला,
आणि मी तिच्याखालूनच टॉवेल गोळा करत फिरायचो.

म्हणून मी दार ढकललं.
म्हटलं, हाविर्लुकचे बूट लहान झालेत.
प्रोकोप म्हणाला, म्हणजे?
म्हणजे बूट लहान झालेत.
डेग्नोने कपाळावर हात मारला.
आणि इतका वेळ गप्प असलेला गोदामवाला
पहिल्यांदा बोलला,
मेडो रिव्हरवाल्यांना हे ठाऊक आहे का?

बोलून बसलो ते बसलो.
आता त्याच बातमीचा ते भाव करणार,
ठेवायचाही आणि विकायचाही.

सकाळी साडेसहाला पोरगं आलं, पापण्यांवर दव गोठलेलं.
मी मोठे बूट पुढे ठेवले. घाल.
त्याने आत हात घालून बघितलं,
परत ठेवले, नीट, जोडीने, दुसऱ्याचे असावेत तसे.
आजचा दिवस हेच राहू देत, म्हणाला.
मी जुने घेतले,
पात्यांवर दगड आडवा फिरवला, दोनदा,
धार उतरवली, त्याला न सांगता.

तो बर्फावर गेला.
त्याचं पहिलं वळण मी बघितलं नाही.
मशीन पुसत होतो.
मशीन स्वच्छच होतं.