उलट भाषांतर

महापेला तिसऱ्या मजल्यावर दोन बाटल्या.
एकीत पाणी, एकीत साखरेचं पाणी.
महिनाभर छळलेला उंदीर
दोन्हींतून सारखंच पितो.
डॉक्टर पाठारे वहीत मिलिलिटर मांडतात
आणि त्या आकड्याला दुःख म्हणतात.

माझं काम त्यानंतरचं.
ऐरोलीत, जेवणाच्या टेबलावर,
बावीस पानांचं संमतिपत्र मराठीत आणायचं,
शब्दाला दीड रुपया.
'आनंदानुभूतीचा अभाव' लिहिलं. खोडलं.
असं कोण म्हणतं आपल्या पोराबद्दल?

म्हणून ठाण्याला गेले, मनोरुग्णालयात.
ओपीडीच्या बाकावर हिराबाई मढवी, दिवागावच्या
(म्हणजे माझ्या घरापासून दोन थांबे),
शेजारी सुदाम, चाळिशीचा,
गळ्यापर्यंत बटणं लावलेला,
नजर पंख्यावर. पंखा बंद.
"पयले निवट्यांचा कालवन केला का
टोप पुसून खायाचा.
आता कायपन दे,
गोरच लागत नाय त्याला."

घरी येऊन मी ड जागेवर बसवला
आणि लिहिलं: 'काहीच गोड लागत नाही.'

नियमानं ते पुण्याच्या कुणा अनोळखी माणसानं
परत इंग्रजीत नेलं.
समितीचा लाल शेरा आला:
मूळ मजकुरात चवीचा उल्लेख नाही.
पाठारेबाईंनी शेरा दोनदा वाचला,
चष्मा काढून बराच वेळ पुसला.
"अगं," म्हणाल्या, "मूळ मजकूर म्हणजे
त्या बाटल्याच ना?"

तरी पान चारवर शेवटी 'रस वाटत नाही' ठरलं.
त्यातल्या त्यात.
पान अकरा मात्र पहिल्या फटक्यात जमलेलं:
'आपल्याला फायदा होईलच असे नाही.'
गोळी खरी की नुसत्या पिठाची,
हे देणाऱ्यालाही कळणार नाही.

सहीच्या दिवशी सगळं मोठ्यानं वाचलं.
सुदाम पंखा सोडून
थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होता.
मग सही केली, शाळेतल्यासारखी,
प्रत्येक अक्षर सुटं.

हिराबाईंनी दोनच गोष्टी विचारल्या.
"त्या उंदराला मंग गोर लागला का?"
लागलं, पाठारे म्हणाल्या. तेराव्या दिवशी.
"आनि आता कुठं हाय तो?"

पाठारे वहीकडे बघू लागल्या.
मी बावीस पानं
पहिल्यापासून पुन्हा चाळायला घेतली,
जणू कुठंतरी
हे मी लिहिलेलं असणार.