संकरित गवताचा आडवा छेद

गाजराच्या फटीत पान धरून
ब्लेडने काप घेते. सतरा वाया.
अठरावा पाण्यावर तरंगतो,
धुळ्याच्या उन्हाइतका पातळ.

भिंगाखाली शिरेभोवती पेशींचं कडं:
इकडे दाट, ज्वारीच्या पानासारखं,
तिकडे मध्येच हात सुटलेले.

दोन जातींचं लेकरू हे.
बापाचं पान जड कार्बनला उंबऱ्यावरच ओळखतं,
शक्यतो हलका तेवढा घेतं.
आई कडी लावते; मग आत आला तो आपला,
जड काय, हलका काय.
आणि हे?
कडी लावतं, फट ठेवतं.

उखर्डू तात्या पांझरेकाठच्या वाफ्यावरून
भारा घेऊन येतात. "बाई, म्हैस खाई का हाई?"
खाईल, म्हणते. दुधातही उतरेल.
"काय उतरी?"
सांगायला बसले तर संध्याकाळ होईल.

नमुने पाठवताना एका पुडीत
माझा केस टाकला होता, गंमत म्हणून.
आज आकडे आले. गवताच्या ओळीखाली मी,
दशांशाच्या फरकाने.

माय ज्वारीत उडीद दळायची.
हे तर मी अर्जात कुठेच लिहिलं नव्हतं.

तात्यांनी डबा उघडला. कळण्याची भाकरी, ठेचा.
हात न धुताच
मी अर्धी मागितली.