झेंडा कुणाचा

साहेबांनी विचारलं, जहाज कुठल्या देशाचं?
म्हटलं, झेंडा पनामाचा, मालक ग्रीसचा,
विमा लंडनचा, पोटातलं पामतेल
आणखी चौथ्याच कुणाचं.
आणि माणूस?
माणूस धनकवडीचा. आडनाव तारू.
ते हसले. मग गप्प झाले.

दोनशे अकरा दिवस.
झेलमने दिल्लीला गेले, झेलमनेच परत.
प्रत्येक टेबलाने पुढच्या टेबलाकडे बोट केलं.
युद्धनौका होत्या म्हणे तिथे, नऊ देशांच्या.
नऊ जण पाहत होते.

मार्चमध्ये आला. अजूनही
नळाचं पाणी जाताना पाइप गुरगुरला
की उठून बसतो.

परवा भाचा जेवताना म्हणाला,
मामा, बॉम्ब टाकून उडवायला हवेत सगळे.
याने भाकरी मोडली, तशीच हातात धरली.
म्हणाला, माझ्यावर बंदूक धरणाऱ्याला
अजून मिसरूड फुटलं नव्हतं.
रात्री माझ्या चपला घालून डेकवर फिरायचा.
बाप मासे धरायचा त्याचा.
पुढे मोठ्या जाळ्यांची जहाजं आली.
त्यांच्यावरही झेंडे होतेच.

मग काय, सोडून द्यायचं?

नाही रे. धरायचं. कोर्टात उभं करायचं.
पण त्या जाळीवाल्यालाही.
आणि लांब कुठेतरी बसून
खंडणीच्या नोटा मोजतो, त्याला आधी.

मी ताटं उचलली.
मला नाही येत त्या पोराची दया. अजून तरी नाही.
पण चपला नऊ नंबरच्या होत्या.
सैल होत असतील त्याला.