नाक बंद असताना

जानेवारीतला शनिवार, पारा सोळावर,
आणि मुंबईने कपाटातून काढली आहे
तिची एकुलती एक थंडी,
घड्या पडलेली, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारी.
येत असणार.
मला चार दिवस कसलाच वास येत नाही.

कामेरकरांना फोन केला, या वेळी ‘शनिवारचं ताट’ राहू दे.
ते म्हणाले, मग जागा कशाने भरू, पंचांगाने?
पार्ल्याच्या त्या नव्या गच्चीवर पोपटी मिळते,
थंडी गेली की तीही गेली.
आणि तुला काय गं, बावीस वर्षं लिहितेस,
जिभेवर नाही तर सवयीवर लिही.

ते सहज बोलले.
मला जिना चढताना लागलं.

वर लोक थंडी वाजवून घेत होते, हौसेने.
शाली खांद्यावर कमी, फोटोत जास्त.
शेजारच्या टेबलावर माकडटोपीतले एक गृहस्थ
सुनेकडे न बघता आइस्क्रीम खात होते.

मडकं आलं. ताटात उपडं झालं.
वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, कोंबडीचे चार तुकडे,
आणि भांबुर्ड्याचा पाला, काळपट, दमलेला.
चौदाशे पन्नास, कर वेगळा.
वाफ उठली ती माझ्या चष्म्यावर बसली.
कॅमेरा हातात धरून डेन्झिलने डोळे मिटले,
म्हणजे वास आला असणार.
मी शेंग सोलली.
गरम. मऊ. मीठ.
आणखी एक सोलली.
गरम, मऊ, मीठ.

वहीत लिहिलं : धुराचा मंद दरवळ.
खोडलं.
लिहिलं : मातीची आठवण करून देणारी चव.
हे किती वेळा लिहिलंय मी?
बिरड्याला, भाकरीला, एकदा तर साध्या पिठल्याला.
कुठली माती? माझा जन्म गिरगावात, तिसऱ्या मजल्यावर.

मडकं उचलायला आलेल्या मुलाला विचारलं,
कसला वास येतो रे याला?
छातीवरच्या पट्टीवर नाव हॅरी. खरं नाव हरेश्वर.
त्याला वाटलं तक्रार.
बदलून देऊ का, मॅडम?
नको. मला आज नाक नाही. तू सांग.

मॅनेजर पाठमोरा आहे हे बघून तो बोलला.
पाला आई खुडते. बांधावरचा, दव असतानाच.
आमचं नागावच्या पुढे.
सोमवारी पोतं घेऊन येतो यष्टीने,
कंडक्टर कुरकुरतो, लोक शिंकतात.
वास म्हणजे... ओव्यासारखा म्हणतात, पण तसा नाही.
कडवट. कामावरून आलेल्या माणसासारखा.
खोलीवर आम्ही सात जण,
पोतं आणलं त्या रात्री कुणी भांडत नाही.

इथली खाल्लीस?
स्टाफला वरण-भात असतो.
आणि ही शेकोटी? मेनूत लिहिलंय ती?
ती दिसायला. मडकी आत गॅसवर...
जीभ चावली त्याने.
हे नका लिहू, मॅडम.

नाही लिहिलं.
गॅस नाही, शेकोटी नाही, दरवळ नाही.
लिहिलं की माझं नाक बंद होतं,
म्हणून एकाला विचारलं, तो म्हणाला ते असं.
त्याचं नाव गाळलं, गाव गाळलं,
यष्टी ठेवली.
ताऱ्यांची चौकट मोकळी पाठवली,
कामेरकरांनी आपल्या हाताने साडेतीन टाकले.

मंगळवारी नाक उघडलं.
पहिला वास आला शेजारच्या सुकटीचा,
मग लिफ्टमधल्या कुणाच्या तरी अत्तराचा,
मग माझ्याच स्वेटरचा, तीन हिवाळे न धुतलेल्या.
वहीत बिलाबरोबर त्याने सरकवलेलं पान होतं.
वाळलं होतं. नाकाशी धरलं.
वास नव्हता कसलाच.
नुसती शिंक आली,
मग दुसरी,
मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत.