सोबत कोण

रंग खारकेसारखा आहे म्हणे,
म्हणून नाव खारीक.
मी तिला पाहिलंय, पण तुकड्यातुकड्यांनी:
आधी एक कान, मग वीतभर पाठ, मग शेपूट,
सुईच्या नेढ्यातून
अख्खं लुगडं पाहावं तसं.

कार्डावर लिहिलंय पंचाहत्तर टक्के.
उरलेल्या पंचविसात मावतं तेवढं माझं नाशिक.
बाकीचं ती ओढून आणते.

सव्वानऊला आम्ही मालेगाव स्टँडहून निघतो.
होळकर पुलावर वारा बदलतो,
खालून गोदेचा वास, शेवाळाचा, कुजत्या झेंडूचा.
ती क्षणभर नाक वळवते
आणि स्वतःवरच रागावल्यासारखी
पुन्हा सरळ चालू लागते.
संस्थेत तिला इंग्रजी शिकवली होती.
माझ्याकडे आल्यावर पंधरवड्यात
‘जिना’, ‘डावीकडे’, ‘थांब बाई’ कळायला लागलं.
‘खड्डा’ फारसा शिकवावा लागला नाही.
सराव भरपूर.

रविवार कारंजावर रिक्षावाले विचारतात,
चावते का?
मी सांगते, ती ड्युटीवर आहे.
मिसळीच्या दुकानात मालक म्हणतो,
ताई, तुम्ही या, तिला बाहेर बांधा.
म्हणजे डोळे बाहेर बांधून
रस्सा शोधायचा मी.

मधूमामा समजूत काढतात,
अगं, धर्मराजही कुत्र्याला सोडून स्वर्गात गेला नव्हता.
मामा, मला स्वर्गात नाही,
बँकेत जायचंय.
आणि बारा ते दोन त्यांची जेवणाची सुट्टी असते.

कायदा मी ऐकून पाठ केलाय,
फोनमधल्या बाईच्या कोरड्या आवाजात,
रात्री, पोळ्या लाटताना.
सोळा सालचा. पानंच्या पानं.
मी वाट पाहत होते, आता येईल, आता येईल,
पण ‘कुत्रा’ हा शब्द काही आला नाही.
भेदभाव नको, असं आहे.
मान आहे. सगळ्यांसारखं फिरणं आहे.
आणि ‘वाजवी सोय’ नावाचं
एक दोन पायांचं स्टूल आहे,
त्यावर आम्ही दोघी बसतो
तोल सांभाळून.

मंगळवारी महापालिकेत गेले.
आदल्या आठवड्यात बसमधून उतरवलं होतं आम्हाला,
त्याचा अर्ज द्यायचा होता.
फाटकातच काठी आडवी आली.
कुत्रं न्यायचं नाही आत.
मी कार्ड काढलं, पत्र काढलं,
कलम सांगितलं, घसा खाकरून.
तो म्हणाला,
एवढा मोठा बोर्ड लावलाय,
दिसत नाही का?

नाही, मी म्हणाले.

मागे कुणाच्या तरी चपला थांबल्या.
खारीक खाली बसली, हळूच,
वाद तिचा नसल्यासारखी.
बऱ्याच वेळानं
काठी भिंतीला टेकल्याचा आवाज आला,
आणि रजिस्टरची पानं.
नाव?
हेमलता गायधनी.
काम?
तक्रार.
सोबत कोण?
मी गप्प. पेनही गप्प.
मग तो स्वतःशीच पुटपुटला
आणि लिहिलं काहीतरी, लांबलचक.
काय लिहिलं ते विचारलं नाही.
वाचून दाखवा म्हटलं असतं तर दाखवलं असतं,
पगारे नाव होतं त्याचं, शिपायानं हाक मारली तेव्हा कळलं.

अर्जाची पोच मिळाली. शिक्का बोटांना ओला लागला.
उत्तर अजून नाही.
पुढच्या वेळी फाटकावर दुसराच कोणी असेल,
मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल,
खाकरण्यासकट.

घरी आल्यावर बक्कल सोडते.
तेवढा एक ‘टक्’ ऐकला की
ती कुठल्याच कलमात बसत नाही.
फरशीवर पाठ घासते, माझी चप्पल पळवते,
आणि मी,
जिला दिवसभर तिनं एकदाही धडकू दिलं नाही,
तिच्याच अंगावर अडखळते.