मगे

निवतीच्या मच्छीमार सोसायटीची सभा.
बावन्न मिनिटं, अकरा माणसं, एक कुरकुरता पंखा.
आज चौथी रात्र, मी ऐकून ऐकून उतरवते आहे.

श्वासाला टिंब. थांबण्याला कंस, कंसात सेकंद.
दोघं एकदम बोलले तर ओळी अशा लावायच्या
की कोण कुणावर चढलं ते कागदावर दिसावं.
शुद्धलेखन सुधारायचं नाही. ‘अं’ गाळायचा नाही.
‘अं’ गाळला की माणूस उगाच ठाम वाटायला लागतो.

शेजारी इतिवृत्ताची झेरॉक्स आहे,
सेक्रेटरी मेथरांचं गोल, सावकाश अक्षर:
‘सुकवणीची जागा नवीन जेटीकरिता मोकळी करणेबाबत
साधकबाधक चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर.’

चर्चा होऊन.
भरती येऊन जावी तशी.
कुणी केली, हे त्या वाक्याला विचारायची सोय नाही.

टेपवर, एकतिसाव्या मिनिटाला:

मेथर: तर सगळ्यांका मान्य आसा
(०.४)
टिकम: मान्य मान्य
शेवंती: होय . तुमी म्हणतास तां बरोबर
(२.१)
शेवंती: मगे

आणि मग सात सेकंद कुणीच नाही.

घड्याळ घेऊन बसा कधी, सात सेकंद किती लांब असतात.
पंखा. खाली होडी ओढणाऱ्यांची हाळी.
एक खोकला, जो मी सहादा ऐकला
आणि मला तो घशातून आलेला वाटत नाही.
मेथर: हां . पुढचो विषय . डिझेलचो कोटो

मगे म्हणजे मग. नंतर. पुढे.
पण शेवंती कोयंडे सत्तावीस वर्षं
त्याच वाळूवर गोलमो सुकवते,
आणि शब्दाच्या शेवटी तिचा आवाज जरासा वर गेला आहे.
मी तिथे एक बारीक बाण काढला.
झेरॉक्समध्ये ना बाण, ना शब्द.
‘होय’ तेवढा पोचला, ‘सर्वानुमते’त बसून.

रविवारी कागद घेऊन तिच्याकडे गेले.
खळ्यात बसून वाचून दाखवला, कंसांसकट.
ती हसली. माका इतक्या बोलूक येता?
मग बोट त्या साताच्या आकड्यावर ठेवून म्हणाली,
हंय मी उठान उबी रवलंय. तां खंय लिवलंस?

उभी.
सात सेकंद, अकरा माणसांपुढे.
मशीनने ऐकलं नाही, मी लिहिलं नाही,
खोकणाऱ्याने मात्र बघितलं असणार.

मी पेन काढलं. उभं राहण्याला खूण कोणती,
ते आठवेना.

ती म्हणाली, आनी ह्यां वाचून कोण काय करतलो?
मी म्हटलं, अभ्यास.
म्हणाली, मगे?

माझं रेकॉर्डिंग चालूच होतं.
काल मोजलं. नऊ सेकंद.
एक कावळा, वाऱ्यात फडफडणारं जाळं,
आणि माझा, हो माझाच, खोकला.

शेवटी विषय तिनेच बदलला:
च्या घेतलंस?